‘आहे’ आणि ‘दाखविला आहे’ : सुपरहिरोंच्या चित्रपटांवरील वादाचे व्याकरण

चित्रपट पाहून परतणारी माणसे वाटेत ज्या भाषेत भांडतात, त्या भाषेकडे भाषाभ्यासकांचे लक्ष सहसा जात नाही. म्हणी, ओव्या, कहाण्या, जुनी दप्तरे ही बोलीच्या अभ्यासाची मान्य साधने होत. दोन तरुणांपैकी एकाला नवा बॅटमॅन आवडला आणि दुसऱ्याला आवडला नाही, हा विषय त्यांच्या पंक्तीला बसविण्याजोगा वाटत नाही. तथापि तुलना करणे, मत देणे, मताला आधार देणे आणि दुसऱ्याचे मत खोडून काढणे या चारही गोष्टी एकाच बैठकीत, तावातावाने आणि कोणीही शिकविलेल्या नसताना जेथे घडतात, असे दुसरे ठिकाण आज क्वचितच सापडेल. प्रस्तुत लेखात या वादात वापरल्या जाणाऱ्या मराठीची घडण, विशेषतः तिच्यातील क्रियापदे आणि तुलनावाचक शब्दयोगी अव्यये, यांचा विचार केला आहे. उदाहरणादाखल दिलेली वाक्ये विवेचनासाठी रचलेली असून ती कोणा एका व्यक्तीच्या तोंडची नव्हेत.

ज्यांना मराठीतही आता ‘सुपरहिरो’ याच नावाने ओळखतात, ते नायक मूळचे अमेरिकन चित्रकथांतील. सुपरमॅन १९३८ साली, बॅटमॅन १९३९ साली आणि स्पायडरमॅन १९६२ साली छापील पानावर प्रथम अवतरला. चित्रकथेवरून चित्रपट निघणे ही गोष्टही जुनीच आहे. परंतु २००८ साली ‘आयर्न मॅन’ आणि ‘द डार्क नाइट’ हे दोन चित्रपट आले आणि तेव्हापासून अशा चित्रपटांची रीघ लागली. एकाच नायकाची पडद्यावरील दोन-तीन रूपे एकाच प्रेक्षकाच्या आठवणीत शेजारी शेजारी नांदू लागली. २०२१ च्या डिसेंबरात आलेल्या ‘स्पायडरमॅन : नो वे होम’ या चित्रपटाने तर तीन निरनिराळ्या नटांचे तीन स्पायडरमॅन एकाच प्रसंगी समोरासमोर उभे केले आणि प्रेक्षकांच्या वादालाच कथावस्तूचे रूप दिले.

हा वाद सर्वत्र सारखाच चालतो असे मात्र नाही. कोयना आणि केरा या नद्यांच्या संगमावर वसलेले, सातारा जिल्ह्यातील पाटण हे तालुक्याचे गाव उदाहरणासाठी घेतले, म्हणजे फरक चटकन ध्यानी येतो. अमेरिकन वाचकाच्या बाबतीत चित्रकथा आधी भेटणे आणि चित्रपट मागाहून भेटणे हा क्रम निदान शक्य असतो. पाटणच्या खोऱ्यात त्या चित्रकथांचे मूळ इंग्रजी अंक सहज हाती यावेत अशी स्थिती कधीच नव्हती. तेथील प्रेक्षकाची या नायकांशी ओळख तीन निरनिराळ्या दारांनी झालेली असते. पहिले दार ‘इंद्रजाल कॉमिक्स’चे. टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशनसंस्थेने १९६४ पासून १९९० पर्यंत चालविलेली ही माला इंग्रजी व हिंदीप्रमाणे मराठीतही निघत असे, आणि ली फॉक या अमेरिकन लेखकाचे दोन नायक, जादूगार मँड्रेक व ‘फँटम’, मराठी वाचकांना तिनेच दिले. दुसरे दार हिंदी दूरचित्रवाणीचे आणि हिंदीत ध्वनिरूपांतर केलेल्या चित्रपटांचे. दूरदर्शनवर १९९७ ते २००५ या काळात चाललेला ‘शक्तिमान’ हा कोणत्याही चित्रकथेवरून घेतलेला नव्हता. परंतु वेषांतर, गुप्त ओळख आणि आकाशगमन ही सुपरहिरोची सारी सामग्री त्याने घरोघरी पोहोचविली. तिसरे दार मोबाइलचे. त्यातून २००८ नंतरचे चित्रपट, त्यांचे तुकडे आणि त्यांच्यावरील टीका ही सर्व एकदमच येतात. एका घरात आजोबा पहिल्या दाराने, वडील दुसऱ्या दाराने आणि नातू तिसऱ्या दाराने आलेला असू शकतो. तिघे एकाच पडद्यासमोर बसले तरी ते एकच चित्रपट पाहत असतील असे नाही, आणि त्यांचे वेगळेपण त्यांच्या मतांहून त्यांच्या क्रियापदांत अधिक स्पष्ट उमटते.

२०२२ सालच्या ‘द बॅटमॅन’ या चित्रपटाचे उदाहरण घ्यावे. मॅट रीव्ह्ज यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटातील नायक खिन्न, अबोल आणि स्वतःवरच रुष्ट असा आहे. त्याच्याविषयी प्रतिकूल मत मराठीत तीन प्रकारांनी देता येते. ‘बॅटमॅन रडका आहे.’ ‘बॅटमॅन रडका दाखविला आहे.’ ‘बॅटमॅन रडका करून टाकला आहे.’ वरवर पाहता तिन्ही वाक्यांचा आशय एकच; नायक रडका आहे आणि बोलणाऱ्याला ते रुचलेले नाही. परंतु प्रत्येकापुढे ‘पण तो तसा नाही’ हे उपवाक्य जोडून पाहावे. ‘बॅटमॅन रडका आहे, पण तो तसा नाही’ हे वाक्य स्वतःलाच खोडते. ‘बॅटमॅन रडका दाखविला आहे, पण तो तसा नाही’ हे निर्दोष आहे. याचा अर्थ असा की, ‘दाखविला आहे’ म्हणणारा दोन बॅटमॅन मानतो. एक पडद्यावरचा आणि दुसरा पडद्याच्या मागे, चित्रपट नसता तरीही असणारा. ‘आहे’ म्हणणाऱ्यापाशी एकच बॅटमॅन आहे, आणि तो समोर दिसतो तोच. तिसऱ्या वाक्यात आणखी एक पायरी चढलेली आहे. ‘करणे’ या क्रियापदाने पूर्वीची एक स्थिती व तिच्यात झालेला बदल ही दोन्ही गृहीत धरली जातात, आणि ‘टाकणे’ या साहाय्यक क्रियापदाने तो बदल आता परतवता येण्याजोगा नाही असे सुचविले जाते. येथे मूळ बॅटमॅन सुरक्षित राहिलेला नाही. त्याला इजा झाली आहे.

दुसऱ्या व तिसऱ्या वाक्यांत कर्ता उच्चारलेला नाही, हेही लक्षात घेणे अगत्याचे आहे. कोणी दाखविला? कोणी करून टाकला? दिग्दर्शकाचे नाव पाटणमधील दहांपैकी आठ प्रेक्षकांना ठाऊक नसले तरी वाक्याचे काही अडत नाही, कारण कर्मणी रचनेत कर्ता अध्याहृत ठेवण्याची सोय मराठीत आहेच. ‘त्यांनी’ असा मोघम अनेकवचनी कर्ता फार तर येतो: ‘त्यांनी त्याची पार वाट लावली.’ हे ‘ते’ कोण, याची चौकशी कोणी करीत नाही. अमेरिकन चाहत्यांच्या वादात दिग्दर्शक व निर्मितीसंस्था यांची नावे घेऊन पक्ष बांधले जातात. येथे पक्ष बहुधा नायकाच्या नावाने बांधले जातात, आणि दोष मात्र नाव नसलेल्या कर्त्याच्या माथी जातो.

यावरून वाद का मिटत नाहीत याचेही एक कारण हाती लागते. एकाने ‘आहे’ म्हणावे आणि दुसऱ्याने ‘दाखविला आहे’ म्हणावे, की दोघे एकाच नायकाविषयी बोलतच नसतात. झॅक स्नायडर यांच्या २०१३ सालच्या ‘मॅन ऑफ स्टील’ या चित्रपटाच्या अखेरीस सुपरमॅन झॉड नावाच्या शत्रूला ठार करतो. त्या प्रसंगावर जगभर वाद झाला, तो मराठीत मांडला तर असा दिसेल. एक पक्ष म्हणेल, ‘सुपरमॅन मारत नाही.’ दुसरा म्हणेल, ‘मारला की! डोळ्यांनी पाहिला.’ पहिल्या वाक्यात रीतिवर्तमान आहे. ते घडलेली गोष्ट सांगत नाही, नियम सांगते. ‘देव असं करत नाही’, ‘मराठ्याचा पोर पाठ दाखवत नाही’ या जातीचे ते वाक्य आहे. दुसऱ्यात भूतकाळ आहे आणि तो एका घटनेची साक्ष देतो. घटनेने नियम मोडला जातो, खोटा ठरत नाही. त्यामुळे दुसऱ्या पक्षाने कितीही साक्षी काढल्या तरी पहिल्याचे समाधान व्हावयाचे नाही, आणि पहिल्याने कितीही नियम सांगितले तरी दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहिलेले पुसले जावयाचे नाही. २०२५ साली जेम्स गन यांचा ‘सुपरमॅन’ आला, तेव्हा वादाचा एक विषय नायकाची लाल चड्डी हा होता. २०१३ च्या पोशाखातून ती वगळलेली होती आणि नव्या चित्रपटात ती परत आली. ही बाब हसण्यावारी नेण्याजोगी खरी. पण ‘चड्डी हवी’ म्हणणारा आणि ‘सुपरमॅन मारत नाही’ म्हणणारा हे बहुधा एकाच पंथाचे असतात. दोघांनाही पडद्यामागे मूळ सुपरमॅन उभा दिसत असतो.

आता हा मूळ कोणता, हे पाहू गेल्यास जमीन पायाखालून सरकू लागते. १९३८ साली छापून आलेला सुपरमॅन उडत नव्हता. तो लांब उडी मारीत असे, एका झेपेत मैलाचा अष्टमांश. आकाशगमन त्याला पुढील काही वर्षांत प्राप्त झाले. ज्या क्रिप्टोनाइट नावाच्या पदार्थाने त्याचे बळ हरते, तो पदार्थ चित्रकथेत जन्मलेलाच नाही; १९४३ साली नभोवाणीवरील मालिकेत तो प्रथम आला आणि चित्रकथेने तो १९४९ साली तिच्याकडून उसना घेतला. बॅटमॅनही आरंभीच्या काही कथांत पिस्तूल बाळगीत असे आणि माणसे मारीत असे. म्हणजे ज्याला चाहते मूळ म्हणतात ते मूळ रूपांतरांच्याच पाण्यावर वाढलेले आहे. महाभारताच्या संहितेची कथा ज्यांना ठाऊक आहे त्यांना याचे नवल वाटणार नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ पासून १९६६ पर्यंत चाललेल्या चिकित्सित आवृत्तीच्या कार्याने हेच दाखविले की, लोकांना अत्यंत प्रिय असलेले कित्येक प्रसंग जुन्या पाठांत नाहीत आणि तरीही ते लोकांच्या दृष्टीने मूळच आहेत. बॅटमॅनच्या २००८ व २०२२ सालच्या रूपांना ‘पाठभेद’ म्हणावे, तर ते केवळ गमतीने म्हटल्यासारखे होणार नाही.

मूळ म्हणजे आधी भेटलेले, अशी व्याख्या केली तर पाटणच्या घरातील तिघांची स्थिती उलगडते. आजोबांच्या लेखी फँटम हा मूळ नव्हे. मूळ आहे तो वेताळ. इंद्रजालाच्या मराठी अंकांत फँटमला हेच नाव मिळाले होते आणि ते अर्थावरून केलेले होते. वेताळ हा भुतांचा अधिपती. गावाच्या शिवेवर त्याचा शेंदूर फासलेला दगड असतो, आणि अवसेच्या रात्री तो आपल्या परिवारासह फेरीला निघतो अशी समजूत सह्याद्रीच्या दोन्ही अंगांस आहे. चित्रकथेतील नायक वस्तुतः मर्त्य आहे. पित्यामागून पुत्र तोच पोशाख चढवितो, म्हणून भोवतालचे लोक त्याला अमर समजतात. मराठी नावाने नायकाचे सत्य सांगितले नाही, त्याच्याविषयीची लोकसमजूत सांगितली; आणि कथेला हवे होते ते तेच. ली फॉक यांनी योजलेले देशाचे नाव बंगालशी घोटाळा होण्याजोगे असल्याने भारतीय आवृत्तीत त्याचे ‘डेंकाली’ झाले, आणि मूळ कथेतील सिंग नामक चाच्यांची टोळी येथे ‘सिंगा’ झाली. कारणे उघड आहेत. या उलाढालीनंतर वेताळ मराठी वाचकाचा इतका झाला की, १९९६ साली ‘द फँटम’ हा चित्रपट निघाला तेव्हा त्याची ओळख करून देताना ‘फँटम म्हणजे आपला वेताळ’ असेच म्हणावे लागे. त्या वाक्यातील ‘आपला’ या सर्वनामाचे वजन कोणत्याही समीक्षेहून अधिक आहे.

या जवळिकीचे एक व्याकरणिक गमकही दाखविता येईल. ‘वेताळ’ या नामाला विभक्तिप्रत्यय लागताना सामान्यरूप होते: वेताळाने, वेताळाचा, वेताळाला. बॅटमॅन व स्पायडरमॅन यांना ते होत नाही. बॅटमॅनने, स्पायडरमॅनचा असेच म्हणतात. यावरून परके नायक अजून मराठीच्या उंबऱ्याबाहेर आहेत असे अनुमान काढण्याचा मोह होतो. पण तो आवरला पाहिजे. ‘पोस्टमन’ हा शब्द पिढ्यान् पिढ्या वापरात आहे आणि पोस्टमन दारी येत आला आहे, तरी ‘पोस्टमनाने’ असे कोणी म्हणत नाही. तेव्हा सामान्यरूप न होणे हे परकेपणाचे निश्चित लक्षण ठरत नाही. सामान्यरूप होणे हे घरोब्याचे लक्षण म्हणता येईल, एवढेच.

वेताळाच्या उलट टोकाला पवित्र प्रभाकर हा आहे. शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि चित्रकार जीवन कांग यांनी २००४ साली ‘स्पायडरमॅन : इंडिया’ ही चार अंकांची चित्रकथा रचली. तीत न्यूयॉर्कचा पीटर पार्कर मुंबईत आला आणि पवित्र प्रभाकर झाला. तो खेड्यातून शिष्यवृत्तीवर मुंबईस शिकावयास आलेला मुलगा असून धोतर नेसतो, आणि त्याची शक्ती कोळ्याच्या दंशाने आलेली नसून एका योग्याच्या प्रसादाने आलेली आहे. येथे नावे अर्थावरून केलेली नाहीत, ध्वनीवरून केलेली आहेत. पीटर पार्करचा पवित्र प्रभाकर, मेरी जेनची मीरा जैन, मे काकूची माया, बेनचा भीम, ऑस्बॉर्नचा ओबेरॉय. आद्याक्षरे जुळविण्याची ही युक्ती चतुर खरी. मात्र मराठी कानाला ती जराशी खुपते. ‘पवित्र’ हे आपल्याकडे विशेषण आहे, मुलाचे नाव म्हणून ते क्वचितच आढळेल. ‘प्रभाकर’ हे नाव आहे, आडनाव नाही. त्यामुळे नाव, वडिलांचे नाव, आडनाव या क्रमाची सवय असलेल्या मराठी ऐकणाराला ‘पवित्र प्रभाकर’ हे प्रभाकररावांच्या मुलाचे अर्धेच सांगितलेले नाव वाटते, आणि ‘पुढे काय?’ असा प्रश्न जिभेवर येतो.

हाच पवित्र २०२३ साली ‘स्पायडरमॅन : अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ या चित्रपटात आला. धोतर गेले, केस वाढले, शहराचे नाव मुंबई व मॅनहॅटन यांच्या मिश्रणाने ‘मुंबॅटन’ असे झाले. चित्रकथेतील पवित्र आणि चित्रपटातील पवित्र यांची तुलना हा चाहत्यांचा एक आवडता विषय होऊन बसला. त्यात दोन गट पडतात. एक म्हणतो, चित्रकथेतला पवित्र आपल्या मातीतला होता, चित्रपटातला परदेशी वाढल्यासारखा बोलतो. दुसरा म्हणतो, धोतर नेसविले म्हणजे माणूस मातीतला होत नाही. मुंबईत शिकणारा कोणता मुलगा एकविसाव्या शतकात धोतर नेसून हिंडतो? दुसऱ्या गटाचे म्हणणे अधिक सयुक्तिक दिसते. परंतु दोन्ही गटांनी ‘दाखविला आहे’ हेच क्रियापद वापरले, तर त्यांच्या मनातील मूळ मात्र एक नव्हे. पहिल्याचे मूळ २००४ ची चित्रकथा आहे. दुसऱ्याचे मूळ कोणतेही पुस्तक नसून मुंबईतला खरा मुलगा आहे. असा प्रसंग वारणाकाठच्या लोकांस नवा नाही. वाटेगावच्या अण्णा भाऊ साठे यांची ‘फकिरा’ ही कादंबरी १९५९ साली प्रसिद्ध झाली आणि १९६३ साली तिच्यावर चित्रपट निघाला. ‘फकिरा असा दाखवलाय’ असे त्या भागात म्हटले गेले, तर तेथे ताडून पाहण्याचे माप कादंबरी असते की वडीलधाऱ्यांकडून ऐकलेली आठवण, हे बोलणाऱ्याला विचारल्याखेरीज कळणार नाही.

क्रियापदांकडून तुलनावाचक शब्दांकडे वळावे. प्रमाण मराठीत दोन वस्तूंमधील उणेअधिक सांगण्यास ‘पेक्षा’ आणि ‘हून’ ही साधने आहेत. सातारा-सांगलीच्या बोलीत ‘परीस’ हे जुने अव्यय जुन्या पिढीच्या तोंडी आढळते: ‘ह्या नव्यापरीस त्यो जुनाच बरा व्हता.’ साम्य सांगण्यास प्रमाण भाषेत ‘सारखा’ आहे, तर बोलीत ‘गत’ आणि ‘वानी’ आहेत: ‘मारुतीगत उडतोय’, ‘वाघावानी झेप घेतो’. या दोन गटांत केवळ अर्थाचा भेद नाही, वापराच्या अटींचाही आहे. ‘पेक्षा’, ‘हून’ व ‘परीस’ यांना दोन्ही बाजूंस एकाच जातीच्या वस्तू लागतात. चित्रपटापेक्षा चित्रपट चांगला, नटापेक्षा नट. ‘गत’ व ‘वानी’ यांना जातीचे बंधन नाही. उडणारा सुपरमॅन मारुतीगत म्हणता येतो. पण ‘सुपरमॅन मारुतीपेक्षा चांगला उडतो’ असे पाटणच्या पारावर कोणी म्हणेल, तर तो वाद चित्रपटाचा राहणार नाही. पहिल्या वाक्याने नव्या नायकाला जुन्या ओळखीच्या घरात जागा मिळते. दुसऱ्याने त्याला स्पर्धेत उभे केले जाते. ज्याला चित्रकथांचे जग अनोळखी आहे तो ‘गत’ने बोलतो, ज्याला ते ओळखीचे आहे तो ‘पेक्षा’ने बोलतो. आजीने नातवाशेजारी बसून पाहताना केलेले ‘ह्यो आपल्या मारुतीवानीच की’ हे विधान नातवाला अडाणी वाटते. वस्तुतः तिने नायकाला त्याच्या जागी बसविण्याचे काम केलेले असते. नातू त्याच्या पुढचे, गुण देण्याचे काम करीत असतो.

ओघाने आले म्हणून सांगावयाचे, ‘पेक्षा’ हे अव्यय संस्कृत ‘अपेक्षा’ या शब्दापासून आले आहे. मराठीत सर्व तुलनांच्या पोटी एक झिजलेली अपेक्षा दडलेली आहे असे म्हटल्यास चालेल. ‘अपेक्षेपेक्षा बरा निघाला’ हे चित्रपटावरील अगदी नेहमीचे मत व्युत्पत्तीच्या दृष्टीने पिवळा पीतांबर आहे.

‘च्या मानाने’ या प्रयोगाचेही येथे वेगळे महत्त्व आहे. ‘पहिल्या भागाच्या मानाने बरा’ असे म्हणणारा तुलना करता करता स्वतःचे मोजमापच खाली आणीत असतो. मराठीतील हा एक अत्यंत सभ्य असा निषेध आहे. तरुण पिढीच्या तोंडी तो कमी ऐकू येतो. तिच्याकडे ‘लय भारी’ आणि ‘बकवास’ या दोन टोकांमध्ये फारसे काही उरलेले नाही, आणि यात तिचे थोडे नुकसान आहे, कारण बहुतेक चित्रपट या दोन टोकांच्या मध्येच कोठे तरी पडतात.

आता आधाराविषयी. सातारा, सांगली व कोल्हापूर या पट्ट्यात कलगी-तुऱ्याच्या भेदिक शाहिरीचे फड पिढ्यान् पिढ्या उभे राहत आले. तुरेवाले शिवाला श्रेष्ठ मानतात, कलगीवाले शक्तीला. एका बाजूच्या शाहिराने पुराणातील एखादे कोडे कवनात घालून टाकावे आणि दुसऱ्याने ते कवनातच उकलावे, अशी ती रीत. त्या वादाचा नियम असा की, आवाज कितीही चढला तरी उत्तराला आधार लागतो, आणि तो आधार उभय पक्षांना मान्य असलेल्या ग्रंथांतला असावा लागतो. सुपरहिरोंच्या वादातही ‘कॉमिकमध्ये असंच आहे’ हे वाक्य नेमक्या याच कामी येते. फरक इतकाच की, फडावर पुराण दोघांनी ऐकलेले असते. येथे ज्या चित्रकथेचा आधार दिला जातो ती बहुधा दोघांनीही वाचलेली नसते. ती वाचलेल्या तिसऱ्या कोणी तिच्याविषयी मोबाइलवर सांगितलेले असते, तेही इंग्रजीत किंवा हिंदीत. अशा वेळी क्रियापदाला ‘म्हणे’ हे निपात जोडले जाते: ‘कॉमिकमध्ये तो मरतो म्हणे.’ ऐकीव माहितीची जबाबदारी स्वतःवर न घेता ती पुढे सरकविण्याचे हे मराठीचे जुने आणि प्रामाणिक साधन. ज्याच्या बोलण्यातून ‘म्हणे’ गळते तो वादात वरचढ ठरतो, मग त्याने चित्रकथा पाहिलेली असो वा नसो.

नायकाच्या सर्वनामाविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत. मराठीत थोर पुरुषांना आदरार्थी अनेकवचन लागते. ‘महाराज आले’, ‘आबा म्हणाले’. सुपरहिरो कितीही पराक्रमी असो, तो ‘तो’च राहतो. दोनशे वर्षांचा असला तरी ‘आला’ आणि ‘गेला’. यात अनादर आहे असे मात्र नाही. मराठीत एकवचनाने देवाला बोलावतात, आईला बोलावतात, लेकराला आणि जिवलग मित्राला बोलावतात. विठोबा उभा आहे, मारुती उडाला, वेताळ फेरीला निघाला. व्याकरणाने सुपरमॅनला राजांच्या ओळीत न बसविता देव आणि सवंगडी यांच्या ओळीत बसविले आहे. म्हणूनच ‘त्याला बिघडवला’ या तक्रारीला एखाद्या ऐतिहासिक पुरुषाच्या चित्रणाविषयीच्या तक्रारीची धार येत नाही. भांडण कडाक्याचे होते, पण ते घरातले असते.

राहिला मराठीत बोलणाऱ्या नायकाचा प्रश्न. मराठी चित्रकथेवरून मराठी चित्रपट निघाल्याचे उदाहरण अगदीच नाही असे नव्हे. चारुहास पंडित व प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ १९९१ पासून ‘सकाळ’मध्ये प्रसिद्ध होऊ लागला आणि २०१२ साली श्रीरंग गोडबोले यांनी त्याचा चित्रपट केला. चिंटू सुपरहिरो नव्हे. पण ‘चिंटू असा दाखवायला नको होता’ किंवा ‘अगदी चित्रातलाच आणून ठेवलाय’ असे त्याच्याविषयी म्हणताना वाचकाला ‘म्हणे’ची गरज नव्हती, कारण आधार रोज सकाळी त्याच्या घरात पडलेला होता. अमेरिकन सुपरहिरोंच्या बाबतीत हे घडले नाही. इंद्रजाल बंद पडल्यावर हे नायक मराठी माणसाशी हिंदीत बोलू लागले आणि मराठी माणूस त्यांच्याविषयी मराठीत बोलत राहिला. वाद मराठीत, वादाचा विषय हिंदीत, आधार इंग्रजीत, अशी ही तीन मजली व्यवस्था तीस वर्षांहून अधिक काळ चालली आहे. तिची इतकी सवय झाली आहे की, ती चमत्कारिक आहे हे जाणवतही नाही.

२०२३ चा स्पायडरमॅनचा चित्रपट भारतात दहा भाषांत प्रदर्शित झाला आणि त्यांपैकी एक मराठी होती. त्याच चित्रपटात पवित्र आपल्या अमेरिकन पाहुण्याला ‘चाय टी’ म्हटल्याबद्दल सुनावतो. चाय म्हणजेच टी, मग चहा चहा कशाला, असा त्याचा आक्षेप. इंग्रजीत हा विनोद परकीयाच्या अज्ञानावर आहे. मराठीत आणताना मात्र भाषांतरकारापुढे निराळाच पेच उभा राहतो, कारण मराठीत हा दोष परकीयांचा नसून आपल्या घरचा आहे. ‘लेडीज बायका’, ‘गाईचे गोमूत्र’ आणि ‘पिवळा पीतांबर’ यांची थट्टा आपण आपल्यातच करीत आलो आहोत. विनोदाचा रोख पाहुण्यावरून वळून मराठी प्रेक्षकावरच येण्याचा संभव तेथे आहे.

भाषांतर कसे साधले हा स्वतंत्र विषय होय. परंतु पाटणच्या एका मुलाने तो चित्रपट हिंदीत पाहिला आणि दुसऱ्याने मराठीत पाहिला, तर त्यांच्या वादात पूर्वी शक्य नसलेले एक वाक्य आता संभवते: ‘हिंदीत असेल तसं, मराठीत तो तसं म्हणत नाही.’ या वाक्यात ‘म्हणे’ नाही. ‘दाखविला आहे’ही नाही.